जीवदयेचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा आणि शिष्यवृत्त्या यांविषयी अतिशय सुंदर विवेचन केले. माझ्या वाट्याला जनावरांच्या निवाऱ्याचा विषय आला आहे. मी काही वक्ता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्याच वर्षी वडिलांच्या कापडाच्या गादीवर बसलो. उभे आयुष्य मीटर मोजण्यात आणि खतावणी लिहिण्यात गेले. निवाऱ्याचा कोषाध्यक्षही मी केवळ हिशेब येतो म्हणून झालो. तेव्हा तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही, परंतु जमाखर्च सांगण्याचा निश्चित आहे. जीवदयेची शोभा आपण सर्वांनी पाहिली आहे. आज तिची वही उघडावी, असा माझा मानस आहे.

प्रारंभी थोडा इतिहास. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठा क्षोभ उसळला. त्यातून १८३४ साली भुलेश्वर भागात पांजरापोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी आणि जैन-हिंदू व्यापारी त्यात एकत्र आले. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते पुढेच आहे. या व्यापाऱ्यांनी एकदा देणगी देऊन हात झटकले नाहीत. कापूस, साखर आदी मालाच्या व्यवहारावर त्यांनी स्वतःहून ठरावीक लाग बसवून घेतला. सौदा झाला की पांजरापोळीचा वाटा बाजूला निघायचा. भावना चढते आणि ओसरते, पण जनावराला रोज भूक लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

आपल्या वर्धा जिल्ह्याची परंपराही थोर आहे. १९४१ साली गांधीजींच्या प्रेरणेने गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालालजी बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे दिवस या कामाला वाहिले. कोट्यधीश माणूस गोपुरीत साध्या कुटीत राहू लागला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे पवनारच्या विनोबांनी १९७९ साली याच प्रश्नासाठी उपवास केला. गांधीजींचा आग्रह असा होता की, पांजरापोळ केवळ पुण्याच्या भावनेने चालवू नये. तेथे शास्त्र हवे, स्वच्छता हवी आणि चोख हिशेब हवा. ज्या जिल्ह्यात हे सांगितले गेले, त्या जिल्ह्यातला मी एक कारकुनी वृत्तीचा वाणी. म्हणूनच हा आग्रह मला माझ्या धंद्याच्या जवळचा वाटतो.

आता मी या कामात कसा आलो ते सांगतो. प्रसंग गौरवाचा नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक गाय पोट फुगून पडली होती. पशुवैद्यकीय डॉक्टर आले, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. तिच्या कोठ्यातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गच्च गोळा निघाला. तो पाण्याने धुतल्यावर एका पिशवीवरची अक्षरे वाचता आली. ती माझ्या दुकानाची पिशवी होती. दिवाळीला मोठ्या हौसेने रंगीत छापून घेतलेली. गिऱ्हाइकाने साडी काढून घेतली असेल, उरलेले अन्न पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकले असेल. दोष कोणाचा, याची चर्चा होऊ शकते. परंतु नाव माझे होते. रात्री पाणी गाळून पिणारा मी, आणि माझ्या नावाची पिशवी त्या मुक्या जिवाच्या पोटात! महाराष्ट्रात २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी आली. माझ्या दुकानात ती त्याच आठवड्यात आली होती. पण त्या गायीचे देणे काही फिटले नाही. ते फेडण्यासाठी मी निवाऱ्याच्या वहीला हात लावला.

आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. बाहेरच्या जैन बांधवांना कारंजा म्हटले की वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) आठवते, आणि तिथल्या प्राचीन मंदिरांमुळे ते साहजिकच आहे. आपल्या निवाऱ्याच्या औषधांचे एक पार्सलही एकदा तिकडे जाऊन परत आले आहे! परंतु गुराढोरांच्या जगात आपल्या कारंजा (घाडगे) या गावाचा मान वेगळा. पांढरीशुभ्र, चपळ, लांब पल्ल्याला न थकणारी गवळाऊ जात ही आपली. कारंजा, आर्वी, आष्टी या पट्ट्यातल्या नंद गवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आणि आपल्याच तालुक्यातील हेटीकुंडी येथे तिच्या पैदाशीसाठी शासकीय प्रक्षेत्र आहे. ज्या मातीत असे पशुधन निपजले, त्याच मातीत आज म्हातारा बैल ओझे झाला आहे. ट्रॅक्टर आला, ज्वारी गेली, सोयाबीन आले. जंगलाकाठची चराई आटली. त्यातच मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. आपण सर्वांनी तिचे स्वागत केले. पण स्वागत करणाऱ्याने पुढचा हिशेबही मांडायचा असतो. कत्तलखान्याकडे न जाणारा बैल आणखी पाच-सात वर्षे जगणार, तर त्याला खाऊ कोण घालणार?

या प्रश्नाला माझ्यासमोर एकदा चेहरा मिळाला. पोळा होऊन महिनाही उलटला नव्हता. एक शेतकरी बैलाला दोरीने धरून निवाऱ्याच्या फाटकाशी उभा होता. बैलाच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून होता. तो म्हणाला, “शेटजी, बारा वर्सं वावरात राबला हा. इकाले मन होत नाही अन् पोसाची ताकद नाही.” बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, बैलाच्या मानेवर हात फिरवीत होता. ज्याला आपण सहजपणे निर्दय म्हणतो, त्या माणसाचे मन मी त्या दिवशी पाहिले.

तर असा हा निवारा. आपण महावीर जयंतीला तेथे येता, तेव्हा झाडलेले अंगण, चुना दिलेले हौद, गळ्यात फुलांचे हार घातलेल्या गायी दिसतात. त्यामागे पहाटे पाचपासून चालणारे काम आहे. शेण उचलणे, गोठा धुणे, रात्रीतून कोण उठले नाही ते पाहणे. जे जनावर बसले आहे त्याला कूस पालटून देणे, कारण एका कुशीवर राहिले की कातडीला जखमा होतात. जखमेत आसड्या पडल्या आहेत का ते तपासून त्या एकेक काढणे. वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा एक मोठे जनावर दिवसाला पन्नास लिटरपर्यंत पाणी पिते. वीज गेली आणि हौद रिकामा झाला, तर टँकर येईपर्यंतचा प्रत्येक तास मोजावा लागतो.

आता मुख्य खर्च, म्हणजे चारा. मी आपल्यापुढे साधे गणित मांडतो. समजा निवाऱ्यात चाळीस जनावरे आहेत आणि प्रत्येकाला रोज सहा किलो कोरडा चारा धरला. दिवसाचे झाले २४० किलो आणि वर्षाचे ८७,६०० किलो, म्हणजे ८७६ क्विंटल. किलोला पाच रुपये धरले तरी वर्षाला ४ लाख ३८ हजार रुपये होतात. एका जनावरामागे रोजचे तीस रुपये. यात ढेप नाही, हिरवा चारा नाही, मीठ नाही. दोन कामगारांना महिना बारा हजारांप्रमाणे पगार दिला, तर वर्षाचे २ लाख ८८ हजार, म्हणजे एका जनावरामागे रोजचे जवळपास वीस रुपये. पन्नास रुपये येथेच झाले. औषध, वीज, पाणी, वाहतूक आणि डागडुजी अजून बाकीच आहे.

हा पन्नासाचा आकडा लक्षात ठेवावा. महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी पन्नास रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शासनाच्या अटी असतात, तपासण्या असतात, आणि आपल्याकडे येणाऱ्या जिवांत संकरित गायी आहेत, म्हशी आहेत, हमरस्त्यावर गाडीखाली सापडलेली कुत्री आहेत. करुणेला जात विचारता येत नाही, पण अनुदानाला विचारावी लागते. तो फरक आपल्या तिजोरीतूनच भरायचा आहे.

चारा केवळ पैशाने मिळत नाही, वेळेवर घ्यावा लागतो. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते तेव्हा त्याचे कुटार, पुढे तूर आणि हरभऱ्याचे, मग गव्हांडा. ज्याने हंगामात घेतले त्याला ते परवडते. ज्याने चैत्रापर्यंत वाट पाहिली, त्याला पैसे मोजूनही नीट माल मिळत नाही. आणि आपल्या देणग्या येतात केव्हा? पर्युषणात आणि महावीर जयंतीला! चाऱ्याचा हंगाम आणि दानाचा हंगाम यांचा मेळ बसत नाही, ही निवाऱ्याची सर्वांत मोठी अडचण आहे. धंद्यात आपण दिवाळीचा माल दिवाळीला घेत नाही, दोन-तीन महिने आधी भरतो. दानातही ही दूरदृष्टी हवी.

येथे श्राविका भगिनींना एक नम्र विनंती. वाढदिवसाला, पुण्यतिथीला आपण मोठ्या भक्तीने गूळ, पोळ्या, भात, बुंदी घेऊन येता. लग्नातले उरलेले अन्न टेम्पोत घालून पाठवणारेही आहेत. भाव निर्मळ असतो, पण गायीचे पोट गवतासाठी घडले आहे. पीठ आणि गोड पदार्थ एकदम पोटात गेले की कोठ्यात आम्ल वाढते, जनावर खाणे सोडते आणि चोवीस तासांत दगावूही शकते. तेव्हा पोळ्यांऐवजी त्याच पैशांचा हिरवा चारा आणावा. आम्ही फाटकावर आपल्याला अडवतो तेव्हा राग मानू नये. अडवणे हेही सेवेतच येते.

औषधोपचाराचे एक पंचांगच भिंतीवर लावावे लागते. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्याची लस, वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकताची, ठरावीक काळाने जंताचे औषध. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आणि त्याची नोंद. बैलांच्या शिंगांचा कर्करोग वेळीच ओळखावा लागतो. डोके एका बाजूला झुकवून बैल सतत शिंग घासू लागला की डॉक्टरांना बोलवावे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा या पंचांगाची खरी परीक्षा झाली. अंगभर गाठी, ताप, सुजलेले पाय. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली जात होती. गुरांचे बाजार बंद झाले होते. आजारी जनावरे वेगळी काढायची, माश्या-गोचिडांसाठी फवारणी करायची, आणि निरोगी जनावरांकडे जाणारा माणूसही वेगळा ठेवायचा. त्या दिवसांत निवाऱ्यात कोणी दर्शनाला आले नाही, ते योग्यच होते. पण दोन कामगार रोज आले, याची नोंद या सुवर्णमहोत्सवाने घेतली पाहिजे.

आपले गाव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. त्यामुळे मध्यरात्री येणारे फोन हाही आमच्या कामाचा भाग. कोंबून भरलेली गाडी पोलीस पकडतात, पंचनामा होतो आणि जनावरे निवाऱ्यात पाठवली जातात. वर्तमानपत्रात ‘जनावरांची सुटका’ अशी बातमी येते. आमचे काम त्या बातमीनंतर सुरू होते. गाडीतून जनावर उडी मारून उतरले तर पाय मोडतो, म्हणून आधी मातीचा उतार हवा. उतरताच ढेप घालायची नाही. आधी थोडे-थोडे पाणी, मग कोरडा चारा. ती जनावरे न्यायालयाच्या निकालापर्यंत आपली नसतात. आपण केवळ राखणदार. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली २०१७ साली झालेल्या नियमांत अशा जनावरांच्या खर्चाची जबाबदारी आरोपी व मालकावर टाकलेली आहे. पण निकाल लागेपर्यंत कुटारवाल्याला थांब म्हणता येत नाही. प्रत्येक जनावराचे वर्णन, छायाचित्र, आजार, आणि दगावल्यास शवविच्छेदनाचा अहवाल जपून ठेवावा लागतो. एक कागद चुकला, तर चांगल्या कामाची मान खाली जाते.

आणखी एक गोष्ट तरुणांनी ध्यानात ठेवावी. मोर, हरणाचे पाडस, वानर, घोरपड यांना दया म्हणूनही निवाऱ्यात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते वनखात्याकडे सोपवावे लागतात. बोर व्याघ्रप्रकल्प आपल्या शेजारी आहे, त्यामुळे असे प्रसंग येतात. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर ॲनिमल्सचे करुणाश्रम आहे. तेथे पाळीव आणि वन्य अशा दोन्ही जिवांची शुश्रूषा होते. ज्याला जे जमते त्याने ते करावे आणि न जमणारे योग्य हातात द्यावे, हाही विवेकच आहे.

आता माझ्या वहीतले ते पान उघडतो, जे उघडण्यासाठीच मी आज बोलायला उभा राहिलो.

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात निवारा गच्च भरला होता. जागेच्या मानाने जनावरे आधीच जास्त होती. त्यात एका रात्री पकडलेल्या गाडीतली आली, आणि त्याच आठवड्यात आसपासच्या शेतकऱ्यांनी आपली भाकड जनावरे आणली. कोणालाही ‘नाही’ म्हणायचे नाही, हा माझा आग्रह होता. सभेत कोणी शंका काढली तर मी म्हणत असे, “दारी आलेला जीव परत पाठवायचा, तर मग पाटी कशाला लावली?” टाळ्या मिळत. चैत्र संपण्याआधी गंजी संपली. तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून मी कुटाराचा एक मोठा लॉट घेतला. तो अवकाळी पावसात भिजून गेलेला होता. गाडी उतरवताना आपल्या जुन्या कामगाराने मूठभर कुटार नाकाशी नेले आणि म्हणाला, “शेटजी, याले बुरशी हाय. वास पाहा.” मी म्हणालो, “उन्हात दोन दिवस पसरव, वाळेल.” कापडाला ओल लागली की आम्ही उन्हात घालतो. माझे शहाणपण तेवढेच होते.

आठवड्याभरात जनावरांनी चारा सोडला. जी अशक्त होती ती बसली. सहा जनावरे गेली. डॉक्टरांनी मला दोषी ठरवले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की, वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, तिचे विष जात नाही. कामगाराने तर एक शब्दही काढला नाही. तो खड्डे खणण्याच्या जागेवर उभा राहिला, एवढेच.

मी घरी आलो आणि तत्त्वार्थसूत्राचे पुस्तक काढले. लहानपणी पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले होते. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. परीक्षेत पाचापैकी पाच गुण मिळाले होते. त्या रात्री प्रथमच मी ते आपल्या निवाऱ्याला लावून पाहिले. जागा नाही म्हणून आखूड दोरीने दिवसभर बांधून ठेवलेली जनावरे, हा बंध. गर्दीत शिस्त लागावी म्हणून उगारलेली काठी, हा वध. नाकात रुतलेली जुनी वेसण वेळेवर न काढणे, हा छेद. दोन माणसांवर चार माणसांचे काम टाकणे, हे अतिभारारोपण. भार काय फक्त बैलाच्याच पाठीवर असतो? आणि शेवटचा अन्नपाननिरोध, तो तर खड्ड्यांच्या रूपाने समोरच होता. पाचही अतिचार जीवदयेच्या पाटीखाली घडले होते, आणि घडवणारा मी रोज स्वाध्यायाला बसत होतो.

त्या प्रसंगानंतर आपण दोन ठराव केले. पहिला असा की निवाऱ्याची क्षमता ठरलेली राहील. ती भरली की नम्रपणे नकार दिला जाईल, आणि ज्याला नकार दिला त्याला शक्य असेल तर त्याच्याच घरी जनावर पोसण्यासाठी चाऱ्याची मदत दिली जाईल. दुसरा असा की गोदामात किमान दोन महिन्यांचा चारा असल्याशिवाय नवे जनावर घेतले जाणार नाही, आणि चाऱ्याची गाडी उतरवायची की परत करायची हे कामगार ठरवील, कोषाध्यक्ष नव्हे. त्या बारा वर्षे राबलेल्या बैलाच्या मालकाला आपण पुढे अशीच मदत केली. बैल शेवटपर्यंत त्याच्या गोठ्यात राहिला. निवाऱ्याच्या संख्येत तो कधीच मोजला गेला नाही, पण माझ्या मते आपल्या जमेच्या बाजूचा तो सर्वांत मोठा आकडा आहे.

मृत्यूविषयीही दोन शब्द बोलणे भाग आहे. निवाऱ्यात म्हातारी आणि जखमी जनावरेच येतात, तेव्हा मृत्यू अटळ असतो. पूर्वी गिधाडे होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने ती नष्ट होत गेली आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आज खोल खड्डा, मीठ आणि चुना हाच मार्ग आहे. आषाढ-श्रावणात काळ्या मातीत जेसीबी रुतते, तेव्हा भर पावसात माणसांनाच फावडी घ्यावी लागतात. या कामासाठी आजवर कोणी देणगी दिली नाही, आणि मागण्याचे धैर्य मलाही झाले नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, प्राप्तिकराची विवरणपत्रे, देणगीदारांची यादी. २०१७ साली करसवलतीसाठी रोख देणगीची मर्यादा दहा हजारांवरून दोन हजारांवर आली. त्यामुळे गुप्तदान म्हणून पेटीत नोटांची पुडकी टाकणाऱ्यांना माझी विनंती आहे की, पुण्य गुप्त ठेवावे, रक्कम बँकेतून द्यावी. ही कामे कोणाला दिसत नाहीत. परंतु समाजाने विश्वासाने दिलेल्या रुपयाला पावती असणे, हे अचौर्यव्रताचेच अंग आहे असे मी मानतो.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या सुवर्णमहोत्सवानिमित्त निवाऱ्याला भव्य प्रवेशद्वार आणि देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक करावेत, असा प्रस्ताव आहे. प्रस्ताव देणाऱ्यांचा भाव मी जाणतो. परंतु ज्या दानाला फलक लागतो ते दान मिळतेच. शेडला मिळते, हौदाला मिळते, पंख्याच्या पात्यांवरही नाव घालून मिळते. पगाराला मिळत नाही. आपले दोन कामगार जैन नाहीत. त्यांनी आपले ग्रंथ वाचलेले नाहीत. पण जी जीवदया आपण बोलतो ती ते हातांनी करतात, आणि वर्षातून दोन-तीनदा त्यांचा पगार आठ-दहा दिवस लांबतो, कारण कोषात पैसा नसतो. त्या दिवसांत मी वहीत ‘देणे’ असे लिहितो. त्या एका शब्दात त्यांच्या घरची चूल असते.

म्हणून माझी या सभेला प्रार्थना आहे की, प्रवेशद्वाराऐवजी कायम निधी करावा, चाऱ्याचा आणि पगाराचा. हिशेब स्पष्ट सांगतो. रोजच्या पन्नास रुपयांप्रमाणे एका जनावराचा वर्षाचा किमान खर्च १८,२५० रुपये. सात टक्के व्याज धरले तर तो केवळ व्याजातून भागवण्यासाठी सुमारे २ लाख ६१ हजारांची ठेव हवी, आणि चाळीस जनावरांसाठी सुमारे १ कोटी ४ लाखांची. एवढी रक्कम आज उभी राहणार नाही, हे मला कळते. पण दहा जनावरांची ठेव झाली तरी पगार लांबणार नाही. ज्यांना ठेव शक्य नाही, त्यांनी मुंबईच्या त्या जुन्या व्यापाऱ्यांसारखा लाग लावून घ्यावा. मी माझ्यापुरते सांगतो. माझ्या दुकानाच्या प्रत्येक बिलामागे एक रुपया निवाऱ्याच्या डब्यात पडतो. गिऱ्हाइकाकडून नव्हे, माझ्या नफ्यातून. दसऱ्याला डबा फोडायचा आणि त्या पैशांचे कुटार घ्यायचे. कारंज्याच्या बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात असा डबा असावा, एवढेच माझे स्वप्न आहे.

आणि तरुणांकडे पैसा मागत नाही, दिवस मागतो. महिन्यातून एका शनिवारी पहाटे पाच वाजता यावे. फोटो काढू नये. शेण उचलावे, हौद घासावा, आणि आमच्या जुन्या कामगाराजवळ उभे राहून कुटाराचा वास ओळखायला शिकावे. तान्हा पोळ्याला आपली मुले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा मागतात. त्यांना एकदा खऱ्या म्हाताऱ्या बैलापाशी आणावे. माझी साठी उलटून गेली आहे. ही वही लवकरच कोणाच्या तरी हाती द्यायची आहे. ती घेणारा बी. कॉम. नसला तरी चालेल. मात्र कामगाराने ‘याला बुरशी आहे’ म्हटले, तर थांबणारा हवा.

बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास आपणां सर्वांची हात जोडून क्षमा मागतो. त्या सहा मुक्या जिवांची क्षमा मी रोजच मागतो.

जय जिनेंद्र.